उसना स्नायू

ज्यावर निबंध लिहावा असा काही माझा खांदा थोर नव्हे. वीस वर्षे त्याने दिवसा शाळेचा फळा लिहिला आणि रात्री चार कादंबऱ्या, एवढीच त्याची कामगिरी. एस.टी.त दांडीला धरून उभा असताना करकचून ब्रेक लागला, खांद्यात काहीतरी तटकन तुटले, आणि मी दोन वर्षे तेल चोळीत बसलो. 'खांदा आखडलाय' असे सगळेच सांगत. मलाही तेच ऐकायचे होते.

मोठ्या डॉक्टरांनी एम.आर.आय. पाहिला तेव्हा फार उशीर झाला होता. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात. त्यांतल्या वरच्या आणि मागच्या स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, सुटून आत ओढल्या गेल्या होत्या. मांसाची चरबी होत चालली होती. शिवायचे तरी कशाला?

"कृत्रिम सांध्याला तुम्ही अजून तरुण आहात," डॉक्टर म्हणाले. चाळिशीनंतर इतके गोड वाक्य मला कोणी ऐकवले नव्हते.

पाठीवर एक रुंद स्नायू आहे, लॅटिसिमस डॉर्सी. विहिरीतून पोहरा ओढताना हात खाली खेचतो तो हाच. त्याची कंडरा काखेजवळ हाडापासून सोडवायची आणि मागून फिरवून गोळ्याच्या माथ्यावर टाचायची. ख्रिश्चन गर्बर या स्विस शल्यवैद्याने 1988 मध्ये ही रीत मांडली.

सहा आठवडे हात पट्ट्यात, अंगापासून दूर. मग शिकवणी सुरू झाली. स्नायूची जागा बदलली, पण त्याची जन्माची सवय कशी बदलणार? मी 'वर' म्हणे, तो ढिम्म! व्यायाम शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. म्हणाल्या, "सर, आधी काखेतली उशी कोपराने अंगाशी दाबा. दाब न सोडता हात वर न्या." म्हणजे त्याला जुनेच काम सांगायचे आणि त्या नादात नवे करून घ्यायचे! तीनदा चुकणाऱ्या पोरांवर मी वर्गात खेकसलो आहे. इथे माझ्या शेदीडशे चुका झाल्या; बाई एकदाही खेकसल्या नाहीत.

आता सात महिने झाले. हात कपाळापर्यंत जातो. फळ्याच्या वरच्या ओळी मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा लिहितो. शुद्धलेखनात कच्चा. काल 'दिपावली' असे लिहून त्याने माझ्याकडे पाहिले. मी डस्टर उचलले. हात पोचेना.

"बाळ, दुसरी वेलांटी," मी म्हणालो, आणि डस्टर त्याच्या हाती दिले.