साडेपाच मिनिटे

चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या साडेपाच मिनिटांत पुऱ्या करावयाच्या. लष्कराच्या भरतीमेळाव्यात उभ्या राहणाऱ्या तरुणाची पहिली गाठ या आकड्याशी पडते. आकडा ऐकावयास साधा आहे. कागदावर हिशेब मांडला म्हणजे त्याचा काच कळू लागतो. सोळाशे मीटर, तीनशे तीस सेकंद. म्हणजे फेरीमागे साडेब्याऐंशी सेकंद, आणि चारही फेऱ्यांत तोच वेग. धडधाकट वाटणारा खेड्यातला मुलगा पहिल्या दिवशी एवढे अंतर धावतो तेव्हा बहुधा सात मिनिटांच्या आसपास येतो आणि कंबरेवर हात ठेवून वाकून उभा राहतो. सात मिनिटांपासून साडेपाच मिनिटांपर्यंतची ती दीड मिनिटाची वाट, हाच आजच्या लेखाचा विषय.

आम्ही म्हणजे उत्तर अहिल्यानगरच्या साखरपट्ट्यातील एका गावचे चार निवृत्त गृहस्थ: दोन शिक्षक, एक टपाल खात्यातले आणि एक मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून परतलेले. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस गावाच्या लेखी 'मेजर'च असतो, तेव्हा तेही मेजर. पहाटे शाळेच्या मैदानावर चालावयास जाणे एवढाच आमचा मूळ कार्यक्रम. परंतु आम्ही चालत असता पोरे धावत, आणि आमच्यापैकी एकाच्या हाती वेळ मोजण्याचे घड्याळ होते. पुढचे आपोआप घडत गेले. गेली काही वर्षे आठवड्यातून दोन सकाळी आम्ही चुन्याच्या फक्कीने रेघ मारतो, घड्याळ लावतो आणि वहीत आकडे टिपतो. त्या वहीच्या आधारावरच पुढील चार गोष्टी लिहीत आहोत.

या जिल्ह्याला फौज परकी नाही. जिल्ह्याच्या मुख्य शहरात रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला तोफखाना आहे. तरीही मुले धावतात ती रणगाड्यांच्या ओढीने, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीत तीन भावांचा वाटा, आणि बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नाही. अशा घरातल्या मुलाला वशिला आणि पैसा यांवाचून स्वतःच्या पायांवर मिळवता येईल अशी जी एक-दोन दारे दिसतात, त्यांतले हे एक. दुसरे पोलीस भरतीचे. म्हणून बहुतेक मुले दोन्ही तयाऱ्या एकदमच करतात; पोलीस भरतीतही सोळाशे मीटर आहेच, वर शंभर मीटर आणि सव्वासात किलोचा गोळा.

परीक्षेची रचना वाचकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अग्निवीरांच्या २०२२ च्या मेळाव्यांत साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला ६० गुण होते. त्यापुढच्या पंधरा सेकंदांत येणाऱ्याला ४८. आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेण्याचे, ज्याला मुले नुसते 'बीम' म्हणतात, त्याचे ४० गुण. दहा काढले तर चाळीस, नऊ काढले तर तेहेतीस, आठाला सत्तावीस, सातला एकवीस, सहाला सोळा. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे आणि नागमोडी लाकडी पट्टीवरून तोल सांभाळून चालणे, या दोन गोष्टींना गुण नाहीत; त्या जमल्याच पाहिजेत. दहाव्या बीमची किंमत सात गुण, हे ध्यानात घेतले म्हणजे मुले त्या एका बीमसाठी हाताच्या तळव्यांची सालटी का काढतात ते उमगते. आमच्या मैदानावरचा बीम म्हणजे दोन खांबांमध्ये बसवलेला जुन्या बोअरचा पाइप आहे. हिवाळ्यात तो इतका गार पडतो की पहिल्या दोघा-तिघांना तो नकोसा होतो. मग तो सर्वांच्या हातांनी तापतो.

धावण्याचा खरा शत्रू पहिली फेरी आहे. मेळाव्यात एकदम शेकडो मुले सुटतात. मागे अडकू या भीतीने प्रत्येकजण पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढतो. शरीर तेव्हा तक्रार करीत नाही. स्नायू प्राणवायूच्या उधारीवर चाललेले असतात, आणि ही उधारी तिसऱ्या फेरीत व्याजासह वसूल होते. आमच्या वहीत तिसऱ्या फेरीचा रकाना वाचला म्हणजे पोराचा स्वभाव कळतो, असे मेजर म्हणतात. आम्हांला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते, पण थोडीच. पहिली फेरी ऐंशी सेकंदांत काढून, पुढे पळणाऱ्या पन्नास पाठी पाहूनही वेग न वाढवणे, यास जो संयम लागतो तो एकोणीस वर्षांच्या रक्तात उपजत नसतो. तो शिकवावा लागतो, आणि शिकवताना शिकवणाऱ्याचाही लागतो.

दमसास वाढवण्याची रीत मुळात कंटाळवाणी आहे. पहिले दीड-दोन महिने हळू पळायचे, इतके हळू की शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटरची लांब पल्ल्याची धाव. पाया पक्का झाल्यावर चारशे मीटरच्या फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, अशा सहा, मग आठ. एक दिवस पूर्ण आराम. डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्याच्या नडग्या महिन्याभरात ठणकू लागतात, म्हणून मुरमाचे मैदान किंवा कालव्याकाठची मातीची वाट बरी. खाण्यात भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, बाजरीची भाकरी, परवडल्यास अंडी. एवढे करणाऱ्या मुलाला सातवरून पावणेसहावर यावयास सहा महिने लागतात. शेवटचे पंधरा सेकंद मात्र आणखी तीन-चार महिने खातात. तीन महिन्यांत हमखास भरती, असे फलक लावणाऱ्या अकॅडम्या तालुक्याच्या गावी पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतल्या काही चांगल्या आहेतही. पण तीन महिन्यांचा तो शब्द आम्हांस खटकतो. हृदयाला आणि हाडांना जाहिरात वाचता येत नाही.

हे आम्ही उगाच कठोरपणे म्हणत नाही. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना एका तासात दहा किलोमीटर धावावयाचे होते. त्या चाचणीच्या काळात दहापेक्षा अधिक तरुण दगावले. ती भरती सैन्याची नव्हती. पण धावणारी पोरे याच वयाची आणि याच घरांतली. ती बातमी आली त्या सकाळी आम्ही घड्याळ लावले नाही. एकेकाला बसवून विचारले, छातीत कधी कळ येते काय, डोळ्यांपुढे अंधारी येते काय, कोणी कसली पूड किंवा इंजेक्शन देऊ केले काय. शेवटच्या प्रश्नाला दोघे गप्प राहिले. मेजर त्या दोघांच्या घरी स्वतः गेले.

मैदान जिंकूनही पुढे वैद्यकीय तपासणी असते. तीत जे अडते त्यावर सरावाचा इलाज नाही. सपाट तळपाय, चालताना एकमेकांस लागणारे गुडघे, रंग ओळखण्यातले दोष. महाराष्ट्रातील सामान्य शिपाईपदासाठी उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून पाच अधिक. एक मुलगा १६७ वर अडत असे. माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो, हे त्याला मेजरांनी सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो बोर्डाच्या निकालालाही झाला नसेल. आम्ही म्हणून आता नवा मुलगा आला की आधी ओल्या पायांनी फरशीवर चालावयास लावतो आणि भिंतीला उभा करून मोजतो. वर्षभर धाववून मग सांगण्यापेक्षा पहिल्या दिवशी सांगितलेले बरे. काहीजण तरीही येतच राहतात.

आता त्या मुलाविषयी, ज्याच्यामुळे ही वही आम्हांला कधीकधी उघडवत नाही. ऊसतोड करणाऱ्या घरातला. आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडत, हा मामाकडे राहून शिके. २०१८ च्या डिसेंबरात तो प्रथम आला तेव्हा सहा मिनिटे बारा सेकंद. पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात पाच एकोणतीस. वहीत त्या आकड्याखाली कोणीतरी दोन रेघा ओढल्या आहेत. आणि मग मार्च २०२० आला. मैदान बंद, शाळा बंद. तो पहाटे पाटाच्या कडेने एकटा पळे. त्या काळात झालेल्या एका मेळाव्यात तो धावला, बीम काढले, वैद्यकीय तपासणीतही उतरला. राहिली होती फक्त लेखी परीक्षा. ती पुढे ढकलली गेली. पुन्हा ढकलली गेली. देशभर त्याच्यासारखे असंख्य होते. २०२१-२२ मध्ये तर नियोजलेल्या मेळाव्यांतले जेमतेम चार पार पडले आणि लेखी परीक्षा एकही झाली नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि अर्धवट राहिलेल्या जुन्या भरत्या रद्द ठरल्या. चार वर्षांची नोकरी, त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करणार. वयाची अट साडेसतरा ते एकवीस. दोन दिवसांनी, तेवढ्या एका वर्षापुरती, ती तेवीस करण्यात आली. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता.

पायांना सराव देता येतो, वयाला देता येत नाही. दोन वर्षे एखाद्या धावपटूने धार टिकवून धरायची म्हणजे काय, ते मैदानावर नसलेल्यास सांगणे अवघड. साडेपाच मिनिटांचे शरीर हे कपाटात घडी घालून ठेवण्याचे वस्त्र नव्हे. तीन आठवडे सोडले की ते उतरू लागते. त्या दोन वर्षांत तो सकाळी पळे, दिवसा कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी काम करी. ऑगस्ट-सप्टेंबरात राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या मैदानावर मेळावा झाला. त्याच्या गटाची पाळी मध्यरात्रीनंतर आली. वरून पावसाची भुरभूर, खाली चिखल. दोर लागण्यापूर्वी तो आत आला, पण साडेपाच मिनिटे उलटून गेल्यावर. अठ्ठेचाळीस गुण. बीम दहाच्या दहा. एकूण अठ्ठ्याऐंशी. लेखी परीक्षा झाली, यादी लागली. यादीत त्याचा क्रमांक नव्हता.

आमच्यात त्यावरून बरेच दिवस वाद चालला. टपालवाल्यांचे म्हणणे, अशा पोरांना धावण्याऐवजी आधी हातचे एखादे काम शिकवावे. चार वर्षांच्या नोकरीसाठी चार वर्षे झिजणे हा कुठला व्यवहार? मेजरांचे म्हणणे, व्यवहार पाहून कोणी फौजेत जात नाही, आणि सहा महिने शिस्तीत धावलेला पोरगा कुठेही गेला तरी उजवा ठरतो. आम्हां शिक्षकांना या दुसऱ्या वाक्याची जरा धास्ती वाटते. नापास झालेल्या मुलाला 'पण शिस्त तर लागली' असे सांगणे फार सोपे असते, आणि ते सांगणारा सहसा पेन्शनवर असतो. २०२३ पासून भरतीचा क्रमही फिरला. आधी संगणकावर लेखी परीक्षा, तीत निभावेल त्यालाच मैदान. यामुळे निदान हजारो मुले रात्रभर रस्त्याकडेला चादरी पसरून पडणे कमी झाले, आणि मुलांच्या पिशवीत बुटांसोबत गणिताचे पुस्तक आले. हा बदल आम्हांला पसंत आहे. पहाटे धावून आल्यावर पायरीवर बसून शेकडेवारीची उदाहरणे सोडवणारी पोरे पाहिली की आमच्यातल्या गणिताच्या शिक्षकांना निवृत्त झाल्याचा विसर पडतो.

तो मुलगा अजून येतो. स्वतःसाठी आता त्याला धावावयाचे नाही. वय केव्हाच उलटले. तो पुढे पळतो, नव्या पोरांनी त्याच्या पाठीला चिकटून राहायचे, एवढेच त्याचे काम. पहिली फेरी तो ब्याऐंशीत काढतो, दुसरी ब्याऐंशीत, तिसरी ब्याऐंशीत. घड्याळाची गरज पडू नये इतका त्याचा पाय बसला आहे. त्याने लावलेल्या वेगाने गेल्या दोन वर्षांत तिघे भरती झाले. पहिला पगार झाल्यावर त्यांतल्या एकाने त्याला बूट पाठवले. ते तो घालीत नाही. पेटीत ठेवले आहेत, असे त्याची मामी सांगत होती.

गेल्या पावसाळ्यापासून मैदानावर एक मुलगी येऊ लागली आहे. लष्करी पोलीस दलात शिपाईपदासाठी स्त्रियांची भरती २०१९ पासून सुरू झाली. त्यांना हेच अंतर साडेसात मिनिटांत काढले तर पहिला गट, शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. पहिले काही दिवस तिची आई शाळेच्या ओट्यावर शाल पांघरून बसत असे. पोरे जरा संकोचली, मग विसरली. आता आई येत नाही, डबा पाठवते, आणि त्यात आम्हां चौघांपुरतेही असते. मागच्या शुक्रवारी मुलगी सात एक्केचाळीसमध्ये आली. रेघ ओलांडल्यावर थांबली नाही, चालतच राहिली, आणि दम खात विचारले, "सर, तिसरी फेरी किती?" आम्ही वही पाहून सांगितले, दोन मिनिटे तीन सेकंद. तिने मान हलवली. तो मुलगा पलीकडे बुटाची नाडी सोडीत बसला होता. मंगळवारी तिच्यापुढे आपण धावू, म्हणाला.