बत्तीस घरांचे हसू

आमच्या दारावर मॅटीच्या कापडाचे एक तोरण होते. दोन बाजूंना दोन हिरवे पोपट आणि मधे लाल दोऱ्याने भरलेले ‘सुस्वागतम्’. आई चौथीपर्यंत शिकलेली. पण मॅटीची घरे मोजताना ती चुकलेली मी कधी पाहिली नाही. गेल्या वर्षी कॉलेजातल्या मैत्रिणी पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या. धुवायचे निमित्त करून मी ते तोरण उतरवले. आईने ते धुतले, वाळवले आणि काही न बोलता घडी घालून ट्रंकेत ठेवले. मैत्रिणी येऊन गेल्या, तरी तोरण ट्रंकेतच राहिले.

हे आज लिहावेसे वाटले ते एका जुन्या संगणकामुळे. कुणाला हसू येईल, पण तसेच झाले खरे.

यंदा भाषाविज्ञानाच्या तासाला बाईंनी प्रत्येकाला रोजच्या वापरातले एक चिन्ह निवडून त्यावर दहा मिनिटे बोलायला सांगितले. कुणी रस्त्यावरच्या पाट्या घेतल्या, कुणी कुंकू घेतले. ताईच्या लग्नपत्रिकेसाठी डीटीपीच्या दुकानात गेले असताना मी मॅकिन्टॉशच्या कळफलकावर एक चिन्ह पाहिले होते : चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना एकेक वेढा. आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीत सहज खपून जावे असे. मी तेच घेतले.

शोध घेतला तेव्हा कळले, की हे चिन्ह स्वीडनमधले. तिथे ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असते. मॅकिन्टॉश तयार होत असताना त्या कळीला आधी सफरचंदाची खूण होती. पण पडद्यावर इतकी सफरचंदे बरी नव्हेत, असे स्टीव्ह जॉब्जने सांगितले. तेव्हा सुझन केअर नावाच्या चित्रकर्तीने चिन्हांच्या एका कोशातून हे शोधून काढले. या बाईंनी कलेत डॉक्टरेट मिळवली होती, संगणकावर चित्र मात्र कधी काढले नव्हते. शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड याने बोलावले, म्हणून त्या १९८३च्या सुमारास तिथे गेल्या. जाताना त्यांनी चौकटीच्या कागदाची एक वही घेतली. आडवी बत्तीस आणि उभी बत्तीस घरे आखायची. घर भरायचे किंवा कोरे सोडायचे. कचऱ्याची बादली, घड्याळ आणि सुरू होताना हसणारा तो छोटा संगणक ही चित्रे अशीच घरे भरून झाली. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिन्टॉश लोकांसमोर आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर फक्त काळे आणि पांढरे ठिपके होते. तरी लोकांना तो हसताना दिसला. पुढे ती वही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतली.

वाचता वाचता या यंत्राच्या वेड्यांची एक जत्राच मला भेटली. पहिल्या मॅकची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. हौशी मंडळींनी त्यातल्या सोळा चिप्स डाग देऊन काढल्या, मोठ्या बसवल्या आणि ती ५१२ केली. पेटी साध्या पेचकसाने उघडत नाही. चांदणीच्या टोकाचा लांब पेचकस लागतो. उघडली, की आत प्लास्टिकवर यंत्र घडवणाऱ्यांच्या सह्या उमटवलेल्या दिसतात. ज्या बाजूला गिऱ्हाईक कधी पाहणार नाही, त्या बाजूला! कुणी पाझरलेले कपॅसिटर बदलून जुने यंत्र जागे करतात. ज्याचे यंत्र मेलेच, ते त्याचे पोट रिकामे करून काच बसवतात आणि आत मासे सोडतात. आणि काहीजण ती चिन्हे कापडावर फुलीच्या टाक्याने भरतात.

इथे मी थांबले. कारण थोडे आधीच मी वाचले होते, की सुझन केअर यांना धागे मोजून करायचे भरतकाम त्यांच्या आईने शिकवले होते.

तासाला मी हे सारे बोलले. टाळ्याही मिळाल्या. मग बाईंनी विचारले, “धागे मोजून भरतकाम म्हणजे नेमके कसे करतात?” आठव्या वर्षी आईच्या मांडीशी बसून मी ते शिकले होते. मी म्हणाले, “तेवढा तपशील मला मिळाला नाही, बाई.”

त्या रात्री मला झोप आली नाही. या जुन्या यंत्रांत आज काही काम होत नाही, मग लोक ती का जपतात, याचा मी विचार करत होते. मला वाटते, त्यांत माणसाचा हात दिसतो म्हणून. एकेक ठिपका कुणीतरी मोजून ठेवलेला असतो. एवढे मला दूरदेशीच्या पेटीत दिसले. आणि माझ्याच दारावरचा हात मी ट्रंकेत घालू दिला होता.

रविवारी मी चौकटीच्या कागदावर तो हसरा संगणक आठवून काढला आणि आईपुढे धरला. तिने चष्मा लावला. बोटाने घरे मोजली.

“हे वाकडं हसतंय की गं,” ती म्हणाली. “उजवीकडचं एक घर वर घे.”

मी घर खोडून वर घेतले. हसू सरळ झाले.

“कुणी काढलं हे पहिल्यांदा?”

“एका बाईनं. तिला तिच्या आईनं भरतकाम शिकवलं होतं.”

आई काही बोलली नाही. सुईत दोरा ओवत राहिली. तोरण आता पुन्हा दारावर आहे. मीच लावले. पण वर्गात ते उत्तर अजून द्यायचे राहिले आहे, म्हणून इथे लिहिते. बाई, धागे मोजून भरतकाम कसे करतात, ते मला येते. आईने शिकवले आहे.