आजोबांची दुनळी

घोडनदीकाठचे शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले, की दोन्ही अंगांना बाजरी-कांद्याची रानं दिसतात. पारगावाजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका आणि उसाची हिरवी भिंत सुरू होते. शिरूरला एके काळी इंग्रजांची छावणी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला त्यांची फौज इथूनच निघाली. दौंडला आज राज्य राखीव पोलीस दल आहे. बंदूक या मुलखाला नवी नाही.

गेल्या थंडीत भीमेकाठच्या एका वस्तीवर खोडवा पाहायला गेलो होतो. चहा झाल्यावर आजींनी माळ्यावरून पासोडीत गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी काढली.

"साहेब, मालक जाऊन आठ महिने झाले. नात म्हणते, उडत्या तबकड्या फोडायला शिकायचंय. हीच चालंल ना?"

मी विचारले, "आजी, परवाना कुणाच्या नावावर?"

"मालकांच्याच."

बंदूक सातबाऱ्यासारखी वारसाने नावावर चढत नाही. परवानाधारक गेला की ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाचा परवाना मागायचा. तोवर ती घरात ठेवणे हा गुन्हाच.

"अन् बिबट्या आला तर?" आजींचा जीव बंदुकीत अडकला होता.

"१९७२ च्या कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे, आजी. उसात दिसला तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. जखमी बिबट्या जास्त धोक्याचा."

बावीस वर्षांची नात ऐकत होती. "काका, मग खेळाला कसली बंदूक घ्यावी?"

मी सांगितले ते असे. तबकडी असते १०५ ग्रॅमची, अकरा सेंटिमीटर रुंद. ती सुसाट जाते, म्हणून नेम धरायला वेळ नसतो. बंदूक खांद्याला लागताच डोळा नळीवरच्या पट्टीच्या रेषेत यायला हवा. दस्ता आखूड किंवा लांब असेल, तर भारी बंदूकही फुकट. शेजारी-शेजारी नळ्यांपेक्षा वरखाली नळ्यांची बंदूक या खेळात बरी; समोर एकच अरुंद रेषा दिसते. नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्याला चोक म्हणतात. जास्त आवळले की छर्रे दाट जातात. जवळच्या तबकडीला नवख्याचा नेम हुकतो. फार हलकी बंदूक खांदा फोडते, कारण दिवसभरात पन्नास-शंभर बार काढावे लागतात.

"आणि आजोबांची?"

"जुन्या बंदुकीचे काडतुसाचे घर काही वेळा ६५ मिलिमीटरचे असते. त्यात आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, पण उडताना दाब वाढून नळी फुटू शकते. कारागिराने तपासल्याशिवाय एकही बार काढू नये. रानात तर मुळीच नाही; छर्रे दोनशे मीटरपलीकडेही जातात. आधी रायफल क्लबात जा, तिथल्या दोन-तीन बंदुका खांद्याला लावून बघ, मगच पैसे घाल."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला आणि पासोडी पुन्हा गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने ठाण्यात आधी कळवले, जुना परवाना बरोबर घेऊन बंदूक जमा केली आणि पावती आणली. ती आता आजोबांच्या तसबिरीमागे आहे. माळ्यावर बंदूक असलेल्या प्रत्येक घराने आपला परवाना आजच उघडून नाव आणि मुदत पाहावी.