तिसरं पुस्तक गाळायचं का?

टेक्ससमध्ये मूल घरी शिकवायचं ठरवलं तर राज्य पाचच विषयांचा आग्रह धरतं: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगल्या नागरिकत्वाचा अभ्यास. विज्ञान त्या यादीत नाही, इतिहास नाही. व्याकरण मात्र आहे. नोंदणी लागत नाही, परीक्षा नाही, तपासनीस दार ठोठावत नाही. एवढी मोकळीक सुखासुखी मिळालेली नाही. ऐंशीच्या दशकात इथे घरी शिकवणाऱ्या आईवडिलांवर खटले भरले जात. मग लीपर नावाच्या कुटुंबानं आणि इतर काही पालकांनी आर्लिंग्टनच्या शाळा-जिल्ह्यासह राज्यभरच्या शाळा-जिल्ह्यांना कोर्टात खेचलं. १९८७ मध्ये निकाल पालकांच्या बाजूनं लागला आणि १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. घरची शाळा ही कायद्यानं खाजगी शाळाच ठरली. अट एवढीच, की अभ्यासक्रम लेखी हवा आणि शिकवणं खरोखरीचं हवं.

व्याकरण शिकवा, असं राज्य सांगतं. कितव्या वर्षी कितवं पुस्तक, ते सांगत नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी उपनगरात राहणाऱ्या एका मराठी घरात सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मुलगी नऊ वर्षांची. आई अभियंता, एच-४ व्हिसावर आल्यामुळे काही वर्षं नोकरीबाहेर राहिलेली आणि त्याच काळात लेकीची मास्तरीण झालेली. व्याकरणाच्या मालिकेचं दुसरं पुस्तक संपलं, तिसऱ्याची पानं चाळून मुलगी म्हणाली, "आई, यात परत तेच आहे." पुस्तक उघडलं की पुन्हा नाम, पुन्हा सर्वनाम, पुन्हा क्रियापद. वडिलांनी लगेच चौथं पुस्तक मागवायची तयारी केली. साताऱ्याहून आजी फोनवर म्हणाल्या, "अगं, घाई कसली एवढी? पाया पक्का होऊ दे की आधी." आजी निवृत्त इंग्रजी शिक्षिका, रेन अँड मार्टिनच्या जोरावर त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यामुळे हा विरोध नुसता आजीच्या मायेचा म्हणून सोडून देता येत नव्हता.

मुलीची तक्रार खरी होती. या पुस्तकांची रचनाच तशी असते. जेसी वाइज यांची 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स' ही चार भागांची मालिका घरी शिकवणाऱ्यांत लोकप्रिय आहे. तिचे पहिले दोन भाग बरेचसे तोंडी, छोट्या छोट्या धड्यांचे आणि घोकंपट्टीचे. मायकेल क्ले थॉम्पसन यांची 'ग्रामर आयलंड', 'ग्रामर टाउन', 'ग्रामर व्हॉयेज' ही मालिका दर पुस्तकात शब्दांच्या त्याच आठ जातींपासून नव्यानं सुरू होते. केंटकीतल्या मेनोनाइट प्रकाशकांची 'रॉड अँड स्टाफ'ची जाड पुस्तकं घेतली तर बायबलमधली माणसं आणि शेतावरची गुरं वाक्यावाक्यातून भेटत राहतात. साताऱ्याच्या आजींची नात अब्राहामाचं वाक्य सोडवते आहे, हे चित्र मोठं गमतीचं, पण केटीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. मुद्दा असा, की उजळणी हा या पुस्तकांचा दोष नव्हे, तो त्यांचा पिंड आहे. म्हणून गणितात एक पातळी गाळणं जितकं धोक्याचं, तितकं ते व्याकरणात नाही. अपूर्णांक न शिकता पुढे गेलेलं मूल बीजगणितात अडकतं. सर्वनामाचा एक धडा हुकलेल्याला ते सर्वनाम पुढच्या पुस्तकात पुन्हा भेटतंच.

मराठी आईबापांची अडचण वेगळीच असते, आणि ती त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. त्यांचं इंग्रजी नियमांतून आलेलं असतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, नंतर रेन अँड मार्टिन, काळांचे तक्ते, 'डू ॲज डायरेक्टेड'चे प्रश्न. त्यांच्या मुलांचं इंग्रजी कानातून येतं: शेजारच्या मुलांकडून, वाचनालयातल्या गोष्टीच्या तासाला, पोहण्याच्या क्लासात. त्यामुळे मोजमाप दोन्हीकडून चुकतं. मुलीला 'प्रेपोझिशन' हा शब्द आठवला नाही की आईला वाटतं, पोर मागे पडली. आणि गाळलेल्या जागांचं अख्खं पान तिनं पाच मिनिटांत बिनचूक भरलं की बाबांना वाटतं, पोर दोन इयत्ता पुढे आहे. खरं तर त्या पानावर तिनं व्याकरण वापरलेलंच नसतं. 'ही गोज' की 'ही गो', हे कानच सांगतो.

मग परीक्षा घ्यायची ती कान जिथे फसतो तिथे. या आईनं तेच केलं, आणि तिची पद्धत उचलण्यासारखी आहे. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर तिनं एक वाक्य लिहिलं: 'द बॉक्स ऑफ मँगोज वॉज हेवी.' वॉज की वेअर? मुलगी ठामपणे म्हणाली, वेअर. कानाला 'मँगोज वेअर' गोड लागतं आणि आंबे अनेक आहेत. पुढचं वाक्य, 'हिम अँड आय वेन्ट टु द पार्क', तिनं बरोबर म्हणून सोडून दिलं. खाली पहुडण्याला 'लाय' की 'ले', यावर तिनं 'ले' निवडलं; त्यात तिचा तरी काय दोष, निम्मं ह्यूस्टन तसंच बोलतं. इथला कान हा टेक्ससचा कान आहे. 'यॉल' आणि 'फिक्सिंग टु' त्याला घरचे वाटतात, आणि वाटू द्यावेत. फक्त निबंधात कुठलं चालेल, हे कान सांगू शकत नाही.

आंब्यांच्या पेटीचं उत्तर देते ती वाक्यपृथक्करणाची आकृती. अलोंझो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या ब्रुकलिनच्या दोन शिक्षकांनी १८७७ मध्ये ही पद्धत पुस्तकातून रूढ केली. एक आडवी रेघ मारायची. तिला छेदणारी उभी रेघ उद्देश्य आणि विधेय वेगळं करते. डावीकडे 'बॉक्स', उजवीकडे 'वॉज'. 'ऑफ' हा शब्द बॉक्सच्या खाली तिरक्या रेघेवर लोंबतो आणि त्याला जोडलेल्या छोट्या आडव्या रेघेवर 'मँगोज' बसतात. आंबे कितीही असोत, ते मुख्य रेघेवर चढूच शकत नाहीत. मुलीनं आकृती काढली, वर पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे जड पेटी आहे!" नियम तोंडपाठ करून तिला हे इतक्या चटकन कळलं नसतं. जेसी वाइज यांच्या मालिकेत या आकृत्या तिसऱ्या भागात सुरू होतात. घरात आलेलं तिसरं पुस्तकही त्याच वळणाचं होतं. म्हणजे जे पुस्तक गाळायचं म्हणून चाललं होतं, नेमकं त्याच्याच उत्तरार्धात ही गोष्ट दडली होती.

अमेरिकेतल्या संशोधनाचं म्हणणंही इथे पाहण्यासारखं आहे, कारण ते आजींना मुळीच आवडणार नाही. १९६३ मध्ये ब्रॅडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवाल दिला, की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवल्यानं लेखन सुधारत नाही, उलट त्या वेळेत लेखनाचा सराव हुकतो. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. तिथेही सुट्या व्याकरणाच्या धड्यांच्या वाट्याला अपयशच आलं; छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र स्पष्ट फायदा दिसला. तेव्हा व्याकरणाचं एक पुस्तक टाळून वाचलेला वेळ लिहिण्यात गेला, तर सौदा वाईट नाही. तोच वेळ पुढच्या व्याकरणाच्या पुस्तकात गेला, तर हाती काय लागलं ते आईवडिलांनीच सांगावं.

अर्थात निर्णय असे थंड डोक्यानं होतात कुठे? १९८५ मध्ये बालू नटराजन हा राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकणारा पहिला भारतीय वंशाचा मुलगा ठरला. १९९७ मध्ये घरी शिकलेल्या रिबेका सीलफोननं तीच स्पर्धा जिंकली. तेव्हापासून घरी शिकणारं भारतीय मूल म्हटलं की लोकांच्या नजरेत अपेक्षा येतेच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत "कितवीत आहे?" असं कुणी विचारलं की "वय तिसरीचं, पण पुस्तक चौथं" हे उत्तर जिभेवर येतंच. त्या रांगेतल्या उत्तरासाठी पुस्तक गाळणं ही मात्र हौसच म्हणायची. पुढे मुलगी सरकारी शाळेत गेलीच, तर तो शाळा-जिल्हा स्वतःची चाचणी घेऊन तिला वर्गात बसवू शकतो. मुखपृष्ठावरचा आकडा तिथे कुणी विचारत नाही.

केटीच्या घरानं अखेर मधला मार्ग काढला, आणि तो योग्यच होता. तिसऱ्या पुस्तकाचा पूर्वार्ध सोडून दिला. आकृत्यांचा भाग फळ्यावर, रोज दोन वाक्यं, या हिशेबानं पुरा केला. पुस्तकातली गुरं काढून तिथे साताऱ्याचे कंदी पेढे आणि केटीतला उन्हाळा घातला. व्याकरणाच्या उरलेल्या वेळात मुलगी आजींना इंग्रजीत पत्र लिहिते, आणि आजी लाल पेनानं चुका दाखवून त्याचा फोटो परत पाठवतात. चौथं पुस्तक आलं आहे. असाच निर्णय ज्यांच्या घरी अडला असेल, त्यांनी मुलाच्या हातची दोन-तीन पानं समोर ठेवून चुका कुठल्या जातीच्या आहेत ते पाहावं, प्रकाशकाची चाचणी त्यानंतर घ्यावी, आणि गाळलेलं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानात द्यायला निदान नाताळपर्यंत थांबावं.