दोन तासांचा प्रवास

नांदेडहून दिल्ली विमानाने अवघ्या दोन तासांवर. हवाई अंतर हजार किलोमीटरांहून थोडे अधिक. याच हिशेबावर विसंबून मी ७९ वर्षांच्या आईला घेऊन लातूरहून निघालो. आमच्या गावी विमानतळ आहे, पण तेव्हा नियमित विमान नव्हते; म्हणून अहमदपूर, लोहा असे सुमारे १४० किलोमीटर मोटारीने गेलो. वाटेत लघुशंकेची अडचण नको म्हणून आईने सकाळपासून पाणीच घेतले नव्हते, हे मला नांदेडला कळले. तीन तास मोटारीत, दोन तास प्रतीक्षेत, मग विमानात. दिल्लीला तिच्या चपला पायांत शिरेनात.

चार तासांहून अधिक बैठा प्रवास झाला, की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाहन कोणतेही असो. एकाच पायाला सूज व पोटरीत वेदना असेल, तर रात्र उलटू न देता डॉक्टरांना दाखवावे. आईची दोन्ही पावले सारखीच सुजली होती, सकाळपर्यंत ओसरली. आपणही वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर तास घराच्या उंबऱ्यापासून मोजा. वाटेतले स्वच्छतागृह आधीच हेरून ठेवा.

परतताना आम्ही लोहा आणि अहमदपूर, दोन्हीकडे थांबलो. आई थोडी चालली, आणि पाणी तिने स्वतःहून मागितले.