प्रत्येकाचं खातं वेगळं

आमच्या वसतिगृहाच्या वायफायला पूर्वी एकच पासवर्ड होता आणि तो नोटीस बोर्डावर, मेसच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेला असायचा. आलेगेले पाहुणे, कोपऱ्यावरचा चहावाला, पास होऊन गेलेली मुलं, सगळ्यांना तो पाठ. मग एके दिवशी सायबर पोलिसांचं पत्र आलं. एका मुलीच्या नावानं कुणीतरी समाजमाध्यमावर खोटं प्रोफाइल काढलं होतं आणि तपासात निघालेला आयपी पत्ता आमच्या महाविद्यालयाचा होता. त्या वेळी तो कोण वापरत होतं, एवढंच त्यांना हवं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला आमचं अख्खं महाविद्यालय एकाच पत्त्यामागे दिसतं. आत कोण बसलं होतं याची नोंदच नव्हती. त्यामुळे मुलांच्या वसतिगृहातल्या एकूण एक मुलाची चौकशी झाली. त्यातले काही जण त्या आठवड्यात गावी गेले होते, पण ते दाखवणार कशाच्या आधारावर?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: स्वतंत्र खातं हवं ते आधी निर्दोष मुलासाठी. निर्दोष माणूस असा अडकणं महाराष्ट्रात आधी घडून गेलेलं आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळची धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेली आणि त्या घरात राहणाऱ्या माणसामागे चौकशीचं शुक्लकाष्ठ लागलं. पुढच्या दोन महिन्यांत तशाच ईमेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेल्या. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं, सार्वजनिक वायफायवर येणाऱ्याची ओळख पटवूनच जोडणी द्या, असं इंटरनेट कंपन्यांना बजावलं.

आमच्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र खातं देण्याचं काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं. प्रयोगशाळेतला एक बरा संगणक घेतला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, त्यावर गेटवेचं काम करणारं पीएफसेन्स टाकलं आणि खाती तपासायला फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर. दोन्ही फुकट मिळतात. काम चालतं ते असं: मुलगा वायफायला जोडला की गेटवे त्याला बाहेर सोडत नाही, लॉगिनचं पान दाखवतो. त्यात भरलेलं नाव आणि पासवर्ड तो १८१२ या पोर्टवरून रेडियसला विचारतो. फाटकावरचा वॉचमन कार्यालयात फोन करून विचारतो ना, 'अमुक आलाय, सोडू का?', तसंच. होकार आला की वाट मोकळी, आणि आत गेल्याची, बाहेर पडल्याची नोंद १८१३ वरून वहीत.

खरा प्रश्न पुढे होता: ओळख पटवायची कशानं? एका विक्रेत्यानं ओटीपीचा मार्ग सुचवला. मोबाइल नंबर टाका, आलेला आकडा भरा, झालं. मुलींच्या वसतिगृहात चाचणी घेतली आणि त्याच रात्री रेक्टर मॅडमना सांगोल्याकडच्या एका गावातून फोन आला, "अवो मॅडम, पोरगी बरी हाय न्हवं? रातच्याला ह्यो कसला नंबर आलाय?" प्रवेश अर्जावर नंबर वडिलांचा होता. बऱ्याच मुलींचं तसंच होतं. म्हणजे मुलीनं नेट लावलं की गावाकडे वडिलांचा फोन वाजणार, आणि वडील शेतात असले की मुलीचा अभ्यास थांबणार. ओटीपी मी त्याच आठवड्यात बाद केला. सोयीची म्हणून आलेली गोष्ट कुणाच्या हातात कुणाची दोरी देते, हे लावणाऱ्यानं पाहायलाच हवं.

त्याऐवजी ओळखपत्रावर छापलेला पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, हेच युजरनेम केलं. पासवर्डची चिठ्ठी रेक्टरांनी ओळखपत्र पाहून हातात द्यायची आणि पहिल्या लॉगिनला तो बदलायचा. पासवर्ड डेटाबेसमध्ये सॉल्ट घालून हॅश केलेले असतात, मलाही वाचता येत नाहीत. एक पालक तावातावानं येऊन म्हणाले, "मुलीचा पासवर्ड सांगा, मी बाप आहे तिचा." मी त्यांना पाणी दिलं आणि तो आम्हाला दिसतच नाही हे नीट समजावलं. ते खरं होतं, म्हणून सांगणं सोपं गेलं.

लॉगिनचं पान फोनवर आपोआप उघडावं म्हणून थोडी खटपट करावी लागली. नेटवर्कला जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ या कोऱ्या उत्तराची वाट पाहतो. ते न येता दुसरीकडे वळवणारं उत्तर आलं, की फोन समजतो, इथे लॉगिन लागतंय. पण कुणी थेट एचटीटीपीएसचं संकेतस्थळ उघडलं तर वळवताना सुरक्षेचा इशारा येतो, आणि 'तरीही पुढे जा' दाबायची सवय मुलांना लागणं मला अजिबात नको होतं. म्हणून एचटीटीपीएस वळवणं बंदच ठेवलं आणि लॉगिनच्या पानाला खरं प्रमाणपत्र घेतलं. पान मराठीत केलं. 'लॉगिन अयशस्वी' एवढंच सांगून मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही. पासवर्ड चुकला, मुदत संपली, की खातं दुसरीकडे चालू आहे, हे वेगवेगळं सांगायचं.

सगळ्यात जास्त छळलं ते विजेनं. एका खात्यावर एका वेळी दोनच उपकरणं, असा नियम होता. वीज गेली की गेटवे बंद, आणि मुलगा बाहेर पडल्याची नोंद रेडियसपर्यंत पोहोचतच नाही. तक्त्यात त्याच्या सत्राची शेवटची वेळ कोरी राहते. वीज आल्यावर तो लॉगिन करतो तर उत्तर मिळतं, तुमचं खातं आधीच चालू आहे. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या शेवटच्या तारखेला हे झालं तेव्हा दारात रांग लागली, "सर, मी कुठंच चालू नाही!" मग दर दहा मिनिटांनी चालू सत्रांची खबर पाठवायला लावली, ज्या सत्राची खबर अर्धा तास आली नाही ते मिटलेलं धरायचं. यूपीएसही घेतला, पण त्याच्यावर विसंबलो नाही.

नोंदींमध्ये कोण, केव्हा, कोणत्या पत्त्यावरून एवढंच राहतं. कोण काय पाहतं तेही साठवा, असं संस्थेतून सुचवलं गेलं. मी लेखी नकार दिला. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, तेवढं आम्ही जपतो. घड्याळ एनआयसीच्या वेळेशी जुळवायचं हेही त्यातच आहे, आणि ते मी स्वतः तपासतो. आतला पत्ता दुपारी एकाचा असतो, संध्याकाळी दुसऱ्याचा. घड्याळ चुकलं तर भलत्याच मुलाचं नाव पुढे येईल.

यादी करताना मेसमधल्या मावशी आणि रात्रपाळीचे मामा कुणाच्याच खिजगणतीत नव्हते. जुन्या पासवर्डवर मावशी रात्री नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या, तो पासवर्ड बंद झाला आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांना पीआरएन नसतो, म्हणून कर्मचाऱ्यांसाठी वेगळा गट केला आणि लॉगिनचा पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये त्यांच्यासमोर बसून जपून ठेवला.

शेवटच्या वर्षाच्या मुलांची खाती कधी बंद करायची यावर मात्र बरीच ओढाताण झाली. वसतिगृह सोडलं त्याच दिवशी, असं कार्यालयाचं म्हणणं. पण निकाल, गुणपत्रक, नोकरीचे अर्ज यांसाठी ही मुलं जून-जुलैत ग्रंथालयात येऊन बसतात, कारण गावात नेट धड नसतं. अखेर ३१ ऑगस्ट ठरली. ती तारीख खात्यातच घातलेली असते. एटीकेटी राहिलेल्यांची मुदत पुढच्या परीक्षेपर्यंत वाढवतो. त्यांची यादी परीक्षा विभागाकडून मागून घ्यावी लागते, आणि यंदाची अजून यायची आहे.