मुळशीत पिक्चर बघताना...

एक सोप्पा प्रश्न. हिंजवडी कुठल्या तालुक्यात येते? हवेली? चूक! पुणे शहर? तेही चूक! रोज सकाळी ज्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही अर्धं आयुष्य घालवता, तो आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे. त्याच धरणवाल्या, ताम्हिणीवाल्या, भातवाल्या मुळशीत! म्हणजे शनिवारी रात्री आयकार्ड बॅगेत कोंबून तुम्ही इथल्या मल्टिप्लेक्समध्ये शिरता, तेव्हा मुळशीच्या ट्रिपलाच आलेले असता.

आता एक कबुली. मला मारधाड आणि कार्टून, दोन्ही प्रचंड आवडतात. मास कॉमला असताना ‘सिरीयस’ सिनेमावर कितीही असाइनमेंट्स लिहिल्या असल्या तरी! मे २०२५ मध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ला टॉम क्रूझ विमानाला लटकला, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. त्याच वर्षी जुलैत ‘महावतार नरसिंह’ला गेले, तर आजी-नातवंडांच्या शेजारी थेट ऑफिसातून आलेली पोरंपोरी. अॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हा समज हिंजवडीत तरी संपलाय.

पण इथे पिक्चर बघायची माझी पद्धत बदलली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. ‘मुळशी पॅटर्न’ नुकताच लागला होता. सोबत बॅचमधला एक मित्र, माणच्या पुढच्या एका गावातला. बेसमेंटमध्ये बाइक लावताना तो सहज म्हणाला, ‘‘आमच्या आत्याचं खाचर होतं इथं कुठंतरी.’’ मी हसले. मला वाटलं, जोक मारतोय.

पिक्चर सुरू झाला आणि हॉल पेटला! मुळशीच्याच प्रवीण तरडेंचा सिनेमा, ओम भूतकरच्या प्रत्येक एन्ट्रीला शिट्ट्या, गाण्याला लोक खुर्चीवरून उठून नाचतायत. मित्र सगळ्यांत पुढे. मग हळूहळू तो गप्प झाला. मोहन जोशींनी केलेला सखा पाटील, जमीन गेल्यावर वॉचमनकी करणारा बाप, पडद्यावर आला की हा खाली बघायचा. इंटरव्हलला पॉपकॉर्न आणलं, त्याने हातही लावला नाही. बाहेर पडल्यावर एवढंच बोलला, ‘‘पैसे आले तेव्हा आत्याकडे आधी गाडी आली. मग गाडीच राहिली.’’

२०२१ मध्ये याच गोष्टीवर महेश मांजरेकरांनी सलमान खानला घेऊन हिंदीत ‘अंतिम’ केला. तोही मी बघितला. पण तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. मित्र म्हणाला, ‘‘एकदा बघितलं ना, बास.’’

जून २०२३. या वेळी सोबत माझा आठ वर्षांचा भाचा आणि पिक्चर ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. काय रंग, काय स्पीड! हा सिनेमा भारतात मराठीसकट दहा भाषांत आला होता. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं ‘मुंबॅटन’ नावाचं शहर आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा देशी स्पायडरमॅनही. तिथे इमारती कोसळतात, तेव्हा हीरो माइल्स एका इन्स्पेक्टरला वाचवतो. मग बाकीचे स्पायडरमॅन त्याच्यावरच चिडतात. त्यांचा फंडा साधा आहे : सगळं जग टिकायचं, तर कुणाकुणाला जाऊ द्यावंच लागतं. माइल्स म्हणतो, मला हे मान्यच नाही. भाच्याने टाळ्या वाजवल्या. मीही!

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन माण, घोटवडे, पौड करत मुळशी धरणावर गेले. पाऊस अजून आला नव्हता. पाणी खाली गेलेलं, काठ उघडे पडलेले. मी माहिती द्यायला लागले. मुळा नदी खरी पुण्याकडे वाहणारी, पण टाटांनी ती इथे अडवली. पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरवलं आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होते. ती वीज मुंबईला जायची. इथली गावं आणि भातशेती मात्र पाण्याखाली गेली.

भाचा थांबला. ‘‘म्हणजे मुंबई वाचवायला हे बुडवलं?’’

‘‘वाचवायला नाही रे. गिरण्या चालवायला.’’

‘‘मग कुणीच अडवलं नाही?’’

अडवलं की! १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला. मावळे शेतकरी, त्यांच्या बायका, पुण्याहून आलेली माणसं सगळे तुरुंगात गेले. तीन वर्षं लढले, तरी धरण झालंच. आणि त्यांच्या पुढाऱ्याला लोक सेनापती म्हणायला लागले... सेनापती बापट.

भाच्याचा चेहरा एकदम उजळला. ‘‘एसबी रोड? मॉल आहे तो?’’

मी काय बोलणार! हो म्हटलं. तोच.

परत येताना रस्त्यात भजी खाल्ली, चहा घेतला. गाडीत तो झोपला आणि मी बाहेरचे बोर्ड वाचत राहिले : फार्महाऊस प्लॉट, लेक व्ह्यू, सात-बारा क्लिअर. रात्री मित्राला मेसेज टाकला, ‘आत्याचं खाचर नक्की कुठं होतं?’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘पार्किंगचा खालचा मजला असेल. पुढच्या वेळी दाखवतो.’

पिक्चर बघणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पडद्यावर इमारत कोसळते, मी अजून शिट्टी मारते. फक्त आता वाटतं, खाली कोण राहत होतं? तुम्हीही या वीकेंडला पिक्चर इथेच बघा. पण दुसऱ्या दिवशी गाडी पौडच्या दिशेने वळवा. पिक्चरचा उरलेला अर्धा भाग तिकडे आहे.